दारेसलामचे खापरपणजोबा

सोमवार, ७ ऑक्टोबर, सकाळी १०
डावा घोटा मोडला. शनिवारी सायकल, ओली पानं आणि समोरून आलेल्या एक आजी. आजींना काही झालं नाही. सहा आठवडे प्लास्टर. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे घर भाड्याने घेताना मीच म्हणालो होतो की जिने चढल्याने तब्येत राहते. मुक्ता सातलाच ऑफिसला जाते, अन्वी शाळेत. घरात मी आणि सासरे. अण्णा पुण्याहून तीन महिन्यांसाठी इथे जर्मनीत, एर्लांगेनला आलेत. आज चहा देताना विचारलं की तुम्ही लोक परत कधी येणार. म्हणालो, प्लास्टर निघालं की बघू. ते म्हणाले, चौदा वर्षं प्लास्टर नव्हतं.

संकल्प: हे सहा आठवडे वाया घालवायचे नाहीत. खापरपणजोबा सखारामपंतांवरचं संशोधन पूर्ण करायचं. ते १९०७ साली आफ्रिकेत दारेसलामला गेले, तिथे जर्मनांचं राज्य असताना, आणि तीनशे एकर नारळाची बाग केली, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आमचं जर्मनीशी नातं माझ्या व्हिसाच्या शंभर वर्षं आधीचं! रोज चार तास.

बुधवार, ९ ऑक्टोबर
सुरुवात झाली नाही. पायाखालची उशी नीट नव्हती.

अन्वी शाळेतून गप्प आली. तेरा वर्षांची आहे, गप्पच असते, पण आजचं वेगळं होतं. वर्गातल्या एका मुलीने विचारलं म्हणे, तू कुठची. ही म्हणाली, एर्लांगेनची. तर म्हणाली, तसं नाही, खरी कुठची. यावर उपाय एकच, सखारामपंत. पंधरा नोव्हेंबरला तिचं इतिहासाचं रेफेराट आहे, वर्गासमोर बोलायचं, विषय जर्मन वसाहती. योग बघा! तिच्या शिक्षिकेला लगेच ईमेल केली की आमचे पूर्वज सुरुवातीच्या वसाहतकारांपैकी असून अन्वी मूळ कागदपत्रं सादर करेल. अन्वीला हे सांगितल्यावर ती जर्मनमध्ये एवढंच म्हणाली की आधी मला विचारायचं. आनंदाने सुचत नसावं.

शनिवार, १२ ऑक्टोबर
दसरा. सीमोल्लंघन हॉलपर्यंत.

चुलतभाऊ श्रीनाथने चिपळूणहून आमच्या कुलवृत्तांतातल्या पानाचा फोटो पाठवला. १९३८ सालची आवृत्ती. ‘सखाराम: दारेसलाम येथे बागायतदार. तेथेच स्थायिक.’ छापील! आणखी काय पुरावा हवा? अण्णा म्हणाले, कुलवृत्तांतात लोक जे भरून पाठवतात तेच छापतात. अण्णांनी भूमी अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं काढली. तिथे माणूस संशयी होतो.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
बर्लिनच्या अर्काइव्हला पत्र लिहिलं. दमलो.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
अर्काइव्हचं उत्तर. वसाहतकारांच्या याद्यांत असं नाव नाही. साहजिक आहे, दोन महायुद्धांत कागद जळतात. त्यांना तसं कळवलं.

अन्वी विचारत होती की ती तीनशे एकर आधी कोणाची होती. त्यांच्या पुस्तकात म्हणे आहे, तिथल्या लोकांच्या जमिनी कशा घेतल्या ते. वर्गात वसाहतकार हा काही अभिमानाने सांगायचा शब्द नाही, असंही म्हणाली. मी तिला स्पष्ट सांगितलं की आमच्या घराण्यात सातबारा बघितल्याशिवाय कोणी जमीन घेत नाही. अण्णांना ठसका लागला.

रविवार, २७ ऑक्टोबर
लॉटरी! श्रीनाथला ट्रंकेत सखारामपंतांचं पत्र सापडलं. १९०८ सालचं, चार पानं, मोडी लिपीत. फोटो स्वच्छ आलेत. मोडी शिकायला आठ दिवस पुरेत, यूट्यूबवर आहे सगळं. अण्णा म्हणाले, इकडे द्या चंद्रशेखरराव, मी वाचतो, आमचे जुने फेरफार मोडीतच असायचे. नको म्हणालो. सासरच्या माणसासमोर घरचे कागद उघडे करायचे नसतात.

रविवार, ३ नोव्हेंबर
मोडीचे झालेले धडे: एक. दिवाळीत कोण अभ्यास करतं? पत्रात काय असणार ते तसंही माहीत आहे. बाग, भरभराट, सर्वांना आशीर्वाद. अन्वीला तसं जर्मनमध्ये लिहून दिलं, साडेतीन पानं. सखारामपंत मजुरांना बोनस द्यायचे हेही घातलं. शिक्षिकेसाठी.

सोमवार, ११ नोव्हेंबर, दुपारी १२
पाच आठवडे झाले. खिडकीतून बसस्टॉप आणि कागदाच्या कचऱ्याचा डबा दिसतो. पुण्याहून मित्राचा, मयुरेशचा मेसेज, मजा आहे लेका, घरबसल्या पगार. अंगठा पाठवला. खरं म्हणजे गुदमरायला होतं. खूप दिवसांपासून होतं. प्लास्टरमुळे असणार.

बुधवार, १३ नोव्हेंबर, दुपारी ४
घात झाला. अन्वीने पत्राचे फोटो परस्पर अण्णांना दिले. त्यांनी चष्मा पुसला आणि पेपर वाचावा तसं घडाघडा वाचलं, माझ्या समोर बसून. मला उठून जाता येईना. कुबड्या कुणीतरी भिंतीपाशी ठेवलेल्या.

सखारामपंत एका व्यापाऱ्याच्या दुकानात कारकून होते. नारळाची बाग दुकानासमोर होती, कुणा जर्मन साहेबाची. थोरल्या भावाला लिहितात की गावात मी बागेचं सांगून बसलो आहे, आता रिकाम्या हाताने येववत नाही. इथेही आपलं म्हणणारं कोणी नाही. तरी दादा, तुम्हीच कुणाचं तरी आजारपण कळवून मला बोलावून घ्या, म्हणजे यायला निमित्त होईल.

अन्वीने अण्णांना विचारलं, मग बोलावलं का. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, तेथेच स्थायिक, असं छापलंय.

मी म्हणालो, एका पत्रावरून निष्कर्ष काढायचे नसतात, तू माझी साडेतीन पानंच वाच. ती ‘माल शाउएन’ म्हणाली. म्हणजे बघू. म्हणजे नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर, दुपारी ३
रेफेराट झालं. माझी पानं दप्तरातच राहिली. तिने पत्र वाचलं. दोन दिवस अण्णा एकेक वाक्य सांगत होते, ती जर्मन करत होती, आणि मला वाटत होतं दोघं पत्ते खेळतायत. शिक्षिकेने आइन्स दिला, म्हणजे पैकीच्या पैकी. ज्या मुलीने खरी कुठची विचारलं होतं, तिने पत्राचा फोटो मागून घेतला. याचं श्रेय शेवटी संशोधनालाच जातं, आणि ते सुरू मी केलं, याची नोंद असावी.

हे सगळं सांगून झाल्यावर अन्वी बुटांसकट माझ्याशेजारी सोफ्यावर बसली. मग विचारलं की बाबा, तुलाही कुणी बोलावून घ्यायला हवंय का. चक्क मराठीत. तिला एवढं लांब वाक्य येतं हे मला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात अण्णा भांडी लावत होते, तो आवाज थांबला.

मी नाही म्हणालो. जर्मनमध्ये म्हणालो. मराठीत जमलं नसतं.