निरोगी माणसाचा नमुना

१२ ऑगस्ट १९६१, अकोला
आज दिवसभरात तीन वाक्यं बोललो, तीही लॅबच्या शिपायाशी, शालिकरामशी. बाटल्या उकळल्या का, काडेपेटी कुठे, दार लाव. बाकी सोबत जंतूंचीच. ते आडनाव विचारत नाहीत.

१९ ऑगस्ट
आधीच्या खानावळीत माझं ताट ओसरीवर मांडलं, तिथे पुन्हा गेलो नाही. आज स्टेशनाजवळ दुर्गाबाईंकडे गेलो. आधीच सांगून टाकलं — अमरावतीचा, बौद्ध. त्या म्हणाल्या, "मंग? भूक नाही लागली का तुले?" दोन गिऱ्हाइकं उठून गेली, बाईंनी थांबवलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. वरण तिखट आहे म्हणालो!

३ सप्टेंबर
हल्ली संध्याकाळी तासभर आधीच जातो. कांदा-काकडी चिरतो, कोशिंबीर कालवतो. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून! आईला कळवलं तर ती पत्र दुसऱ्यांदा वाचून घेईल.

२० सप्टेंबर
टायफॉइडचे पाच रोगी, पाचही दुर्गाबाईंकडे जेवणारे. त्यांतल्या जानराव मास्तरांना शुद्ध नाही. नगरपालिकेने खानावळीला कुलूप लावलं. इस्पितळाचे डॉक्टर म्हणाले, कधी तरी हा ताप येऊन गेलेला असतो, माणूस धडधाकट दिसतो, पण जंतू पोटात वर्षानुवर्षं राहतात आणि हातावाटे अन्नात जातात. सगळ्यांचा संशय दुर्गाबाईंवर. नमुन्यात जंतू निघाले तर खानावळ कायमची बंद. विधवा बाई, दुसरा आधार नाही. तपासायचं मलाच.

२१ सप्टेंबर
दुर्गाबाई आणि भांडी घासणारी मैना, दोघींचे शौचाचे नमुने आले, जंतू वाढवायला तबकड्यांवर लावले. तुलनेला एक निरोगी माणसाचाही लावावा लागतो. शालिकरामकडे मागितला. "मी काहून देऊ साहेब? मी त तिथं जेवलो बी नाही." अरे, म्हणूनच तर! ऐकेना. शेवटी स्वतःचाच लावला. दुसरं कोण आहे इथे मला?

२२ सप्टेंबर
दोघींच्या तबकड्यांवर नुसते गुलाबी ठिपके — कुणाच्याही पोटात असणारे जंतू. टायफॉइडचे ठिपके बिनरंगी असतात, ते एकही नाहीत. मी तसाच सायकलवरून बाईंकडे गेलो, सांगितलं. दुर्गाबाई पदराने तोंड पुसत राहिल्या.

२३ सप्टेंबर
आनंदाच्या भरात तिसरी तबकडी पाहिलीच नव्हती. आज पाहिली. बिनरंगी ठिपके. माझ्या तबकडीवर! वेगवेगळ्या साखरांच्या नळ्यांत घातले, कोणता जंतू ते नळ्यांच्या रंगावरून कळेल. दुसरं काही असेल. असूच दे.

२४ सप्टेंबर
ग्लुकोजच्या नळीचा रंग बदलला, लॅक्टोजची जशीच्या तशी — टायफॉइडचीच खूण. काचेवर टायफॉइडचा सीरम टाकला, तर दूध नासावं तसे कण झाले. शंका उरली नाही. बाराव्या वर्षी मला चाळीस दिवस ताप होता, आई सांगते. मी आजारी मानलंच नाही स्वतःला.
लॅबमध्ये कोणी नाही. तबकडी उकळत्या पाण्यात टाकली की संपलं. नाही टाकली तर लोक म्हणतील, पाहा, यांच्या हातचं खाल्लं की असं होतं! जन्मभर हेच ऐकलं, आणि आता पुरावा मीच देऊ? फार भीती वाटते. पण मी गप्प बसलो तर संशय बाईंवरच राहणार, आणि मी कुठे तरी पुन्हा कांदा चिरणार.

२५ सप्टेंबर
अहवाल दिला. दुर्गाबाई — जंतू नाहीत. मैना — जंतू नाहीत. तिसरं नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट.
दुपारी खानावळ उघडली. मी खोलीवरच भात टाकला.