करंज्यांचा वास येणाऱ्या बंदुका

डोंबिवली (पूर्व),
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप विठ्ठलदादास,

धाकट्या मावसभावाचा, हृषीकेशचा, या वयात कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे. म्हणजे माझी पाठ, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग मशीन आणि नळाचं पाणी ही तिन्ही आपापल्या स्वभावाला जागून आहेत. तुझा रक्तदाब, गुडघा आणि राग कसा आहे ते कळव. पहिल्या दोन्हींसाठी गोळ्या चालू आहेत हे मला ठाऊक आहे. तिसऱ्यासाठी हे पत्र आहे. मावशीला माझा दंडवत सांग. (एवढा परिच्छेद तिला मोठ्याने वाचून दाखवलास तरी चालेल. पुढचे मात्र मनातल्या मनात वाच, कारण त्यांत तिच्या तेलाचा विषय निघणार आहे.)

आजच्या काळात पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर दादा, तू घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडलास आणि माझा नंबर ब्लॉक केलास. हे तुला कुणी शिकवलं ते मला कळलेलं नाही, कारण गेल्या वर्षापर्यंत फोटो मोठा कसा करायचा हे विचारायला तू मला फोन करायचास. रागाने माणूस किती लवकर शिकतो! दूत पाठवावा तर रामायण-महाभारतातले दूतांचे अनुभव फारसे उत्साहवर्धक नाहीत. तेव्हा लेखणी.

झालं ते तुझ्या बाजूने मी समजू शकतो. दिवाळीआधीच्या रविवारी, नेमबाजीच्या क्लबातल्या भरल्या सामन्यात, तुझा छर्रा तुझ्या कागदावर न लागता शेजारच्या मितेशच्या कागदावर लागला. लागला तोही नऊवर. मितेशने मागे वळून "थँक्यू काका, असाच आशीर्वाद राहू द्या" असं म्हणायला नको होतं, हे मी त्याला नंतर बजावलं. अर्जुनाला पोपटाचा फक्त डोळा दिसला, इतर कौरवपांडवांना झाड दिसलं, फांदी दिसली. पण शेजारच्या झाडावरचा पोपट पडल्याची नोंद व्यासांनीसुद्धा केलेली नाही. मग तू "या भंगारात काही दम नाही, आता जर्मन येईल तेव्हाच पाऊल टाकीन" असं म्हणून बंदूक टेबलावर टाकलीस आणि चष्मा न घेता रिक्षात बसलास. (चष्मा सोबत पाठवत आहे. जर्मन बंदुकीलाही तो लागेल.)

आता जर्मन बंदूक यायला होळी उजाडणार, आणि कल्याणच्या क्लबची कुटुंबसंघांची स्पर्धा मार्गशीर्षात आहे. एका घरातली तीन माणसं, तिन्ही पन्नाशी ओलांडलेली, नावं येत्या शनिवारपर्यंत द्यायची. तू नाहीस तर आपला संघ नाही, ही झाली सरळ गोष्ट. वाकडी गोष्ट अशी, की निवृत्त झाल्यावर तू बाळकुमच्या त्या सतराव्या मजल्यावर सोफ्यात रुतून बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं देत बसायचास आणि रसिकावहिनी मला फोनवर हळूच सांगायच्या, "भावजी, हे आज दिवसभर बाल्कनीतसुद्धा गेले नाहीत हो." त्या सोफ्यातून तुला या स्वस्तातल्या बंदुकीने उठवलं. आपण दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, जुळ्या बहिणी घ्याव्यात तशा त्या घेतल्या. परत येताना टेंभी नाक्यावर मिसळ खाताना तू मला नेम धरण्यावर जे व्याख्यान दिलंस, तेव्हा तू एकही छर्रा मारलेला नव्हतास. पण डोळे चमकत होते. ते डोळे पुन्हा सोफ्यात गेलेले मला चालणार नाहीत. म्हणून म्हणतो, बंदुकीवर रुसण्याआधी तिची बाजू ऐकून घे.

तर ऐक. तू गेल्यापासून दोन्ही बंदुका माझ्याचकडे आहेत. माझीही बरी वागत नव्हती. खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात मी बऱ्यापैकी आठ-नऊ मारत होतो आणि तूही माझ्यापेक्षा फार वाईट मारत नव्हतास (म्हणजे बरा मारत होतास, हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं). खंडेनवमीनंतर मात्र दोघींच्या अंगात आलं. चाप ओढला की धडाम! निळा धूर. एक छर्रा छताकडे, पुढचा पायाशी. पहिल्याच दिवशी माझ्या पहिल्या छर्र्याबरोबर नळीतून अक्षता उडाल्या, आणि मागून कुणीतरी "शुभमंगल सावधान" म्हटलं, हे तुला आठवत असेल. त्या कागदाचं आणि माझं लग्न लागलं, पण संसार काही झाला नाही. आपल्या दोघांचीही समजूत अशी झाली, की स्वस्त वस्तू ती स्वस्तच, तिचं आयुष्य संपलं. तू जर्मनीला निरोप धाडलास आणि मी मनातल्या मनात स्वीडनपर्यंत पोचलो होतो.

गेल्या आठवड्यात सरावाला गेलो तर शेड रिकामी होती. आपली संचिता (जी आपल्याला शिकवते, वयाने तुझ्या भाचीएवढी आहे आणि आपल्याला रागावताना "काका" हा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवते) कोपऱ्यात कागद लावत होती. मी चाप ओढला. धडाम. ती नाक वर करून म्हणाली, "कोण करंज्या तळतंय?" मी म्हटलं, दिवाळी संपली. पुन्हा चाप ओढला, पुन्हा धूर, पुन्हा करंज्या. ती आली, तिने माझी बंदूक छर्रा भरताना दुमडतो तशी दुमडून नळीशी नाक नेलं, मग तुझीही तशीच हुंगली, आणि म्हणाली, "यात तेल कोणी ओतलंय, काका?"

मी वाकून वास घेतला, दादा, आणि एकदम लहान झालो. खोबरेल, आणि त्यात कापूर. ही जोडी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकाच बाटलीत मिळते, आणि ती बाटली तुझ्या घरी देवघराच्या खालच्या फळीवर असते. लहानपणी मावशी मला मांडीवर घेऊन डोकं चोळायची तेव्हा याच वासात मला झोप लागायची. त्या वासाची बंदूक होऊ शकते हे त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं, तर मी पाणिनीऐवजी पदार्थविज्ञान घेतलं असतं.

आता सारं उलगडतं. खंडेनवमीला आपण तुझ्याकडे शस्त्रपूजा मांडली. पाटावर दोन बंदुका, झेंडूची माळ, मी मंत्र म्हणत होतो (सगळे मंत्र शस्त्रांचे नव्हते, अर्धे मला जे पाठ होते ते होते, मावशीला स्वर चांगला लागल्याशी मतलब), तू आरतीसाठी काडेपेटी शोधत होतास, आणि मावशी "जरा पुसून घेते रे" म्हणत होती. मी काल तिला फोन करून आडून आडून विचारलं. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. "अरे, आमच्या घरी कोयत्याला, विळीला, पहारीला, सगळ्यांना तेल लागायचं त्या दिवशी. ह्या बिचाऱ्या कोरड्या ठक्क. बाहेरून लावलं, मग म्हटलं आतून जास्त गंजत असणार, म्हणून नळीतनं सोडलं थोडं थोडं. झिरपलं हो छान." पुढे "पोचलं ना नीट?" असंही विचारलं. मी म्हटलं, पोचलं, मावशी, अगदी मितेशपर्यंत पोचलं.

संचिताने समजावलं ते असं. आपल्या बंदुकीत स्प्रिंग सुटून हवा एकदम दाबली जाते आणि ती हवा छर्र्याला ढकलते. तिथे तेल साठलं की दाबाने तापून पेटतं. छर्रा कधी दुप्पट जोराने जातो, कधी अर्ध्या. म्हणजे तू नेम बरोबर धरत होतास, दादा, आणि मावशी मागून फोडणी घालत होती! क्लबाच्या दुरुस्तीवाल्याने दोन्ही बंदुका उघडून, पुसून, वाळवून परत जुळवल्या. माशीच्या टोकावर, म्हणजे ज्यातून आपण नेम धरतो तिथे, हळदीकुंकवाचं इतकं जाड पुट होतं, की आपण इतके दिवस देवीच्या कपाळातून लक्ष्याकडे बघत होतो.

आणि मग संचिताने माझा वर्ग घेतला, जो मी तुला फुकट देत आहे. तिचं म्हणणं, या बंदुकीतून जेवढं निघण्यासारखं आहे त्याच्या निम्मंही आपण काढलेलं नाही, आणि तेवढं काढल्याशिवाय जर्मन घेतली तर चुका त्याच राहतील, फक्त देखण्या दिसतील. दस्त्याचे स्क्रू प्रत्येक सरावाआधी आवळायचे. आपले इतके ढिले होते की बंदूक बोलत असताना दस्ता मान डोलवत होता. छर्रे ओतून एकेक पाहायचे, चेपलेले बाजूला टाकायचे. आज या डबीतले उद्या त्या डबीतले असला स्वयंपाकघरातला उरलंसुरलं संपवण्याचा बाणा इथे नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंदूक हातात आवळायची नाही. ही जात उडताना थरथरते. तिला दाबून धरलं तर दर वेळी वेगळी उसळते. तळहात उघडा ठेवून, वाटीत दूध भरलेलं असावं तशी ठेवली तर दर वेळी सारखीच उसळते, आणि सारखं चुकणं सुधारता येतं. चाप ओढल्यावर लगेच मान वर करून काय झालं ते बघायचं नाही, जागीच थांबायचं. तू बंदूक कशी धरतोस ते मी पाहिलं आहे. रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला की तू रिक्षाची दांडी धरतोस, तशी.

(यावर संस्कृतात एक नामी सुभाषित आहे, मोठ्या माणसांचं कार्य अवजारांवर अडत नाही अशा अर्थाचं. ते मी तुला ऐकवणार नाही. मागच्या वेळी मी सुभाषित ऐकवलं तेव्हा तू जेवणावरून उठला होतास, आणि वहिनींनी आमटी मला दोनदा वाढली. मराठीत अंगण वाकडं म्हणतात तेवढं पुरे.)

मितेशचंच बघ. त्याच्याकडे परदेशी बंदूक, अंगात नसतानाही उभं राहील असं जाकीट, बूट असे की चालताना बदक वाटावा. तुझा नऊ धरूनसुद्धा त्या दिवशी तो शेवटून दुसरा आला. शेवटून पहिला कोण हा प्रश्न इथे गौण आहे.

परवापासून तुझी बंदूक सरळ वागत आहे. दहाच्या आत-बाहेर छर्रे असे बसतात, की काल एका कागदावर पाच भोकांचं मिळून एक भोक झालं. तो कागद सोबत आहे, घडी मोडू नकोस. तेव्हा जर्मन बंदूक येईल तेव्हा येवो, तिचं स्वागत मीच करीन. पण तोवर शनिवारी ये, जुनीच बंदूक हातात घे, आणि आपल्या घराचं नाव कल्याणच्या फळ्यावर लागू दे. मावशी स्पर्धा बघायला येणार म्हणते. खुर्ची सांगून ठेवली आहे. बाटली घरी ठेवायला सांगितलं आहे.

लोभ आहेच, तो नंबर ब्लॉक केल्याने अडत नाही.

तुझा,
हृषीकेश

ता. क. : वरचा एका भोकाचा कागद माझा आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून बघ.

ता. क. २ : संघात तिसरं माणूस कोण, हे तू दोन महिने विचारत होतास आणि मी "बघतोय" म्हणत होतो. बघून झालं. हे पत्र ज्या व्यक्तीने तुझ्या हातात दिलं, तिच्या उजव्या हाताची बोटं बघ. त्यांवरचा काळसर रंग समया घासल्याचा नाही, छर्र्यांच्या शिशाचा आहे. दर मंगळवारी डोंबिवलीत भजनीमंडळ नसतं, दादा. सराव असतो, आधी माझ्या बंदुकीवर, आणि परवापासून तुझ्या. तुला सोफ्यावरून उठलेला बघून त्यांनाही उठावंसं वाटलं, असं त्या म्हणाल्या. आणि तू पुन्हा बसलास तर एकट्याने जाणं बरं दिसत नाही, असंही म्हणाल्या.

ता. क. ३ : खरी विनंती ही. जर्मन आली तरी जुनी बंदूक विकू नकोस. वहिनींनी तिच्यावर हक्क सांगितला आहे, आणि त्यांचा नेम बघता मी तुला वाद घालायचा सल्ला देणार नाही.

ता. क. ४ (वेगळ्या अक्षरात) : अहो, चष्मा लावून वाचलंत का? शनिवारी आपण दोघं सकाळीच निघू. तुमचं जाकीट इस्त्री करून ठेवलंय. आणि आवळून धरायचं नाही, समजलं ना. – रसिका