फिरकीत घातलेली मागणी

प्रिय थिर्झाताईस,

धाकट्या वेंडेलचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तेवढाच). तुझी कंबर, भावजींचा खोकला आणि तुमच्या मेन राज्यातली थंडी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे न्यू हॅम्पशायरमध्ये मी मजेत आहे. म्हणजे शनिवारपर्यंत होतो.

लोकांची धुराडी साफ करत करत पाच माणसं हाताखाली आणणाऱ्याला एका बाईला मागणी घालता येऊ नये, याला काय म्हणावं? बाई म्हणजे आमची मधमाश्यावाली लोइस मेरो. तिच्या घरी विचारावं तर मधमाश्या, माझ्या घरी काजळी. म्हणून ठरवलं, गावच्या ग्रेंज हॉलमध्ये जोड्याजोड्यांनी रांगेत नाचतात त्या काँट्रा नाचातच विचारायचं. रांगेच्या टोकाला पोचलेल्या जोडीला एक फेरी नुसतं उभं राहावं लागतं, ते अर्धं मिनिट आपलं. वरच्या टोकाला उभे राहिलो आणि मी तिला हॉलच्या धुराड्याची अवस्था सांगत बसलो! फेरी सुरू झाली. रांगेच्या मध्यापर्यंत धीर गोळा केला आणि एकमेकांना धरून गरगर फिरकी घेताना विचारूनच टाकलं. डोळे मिटून. (समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की गरगरत नाही म्हणतात. लोइसच्या डोळ्यांत बघितलं की मला जास्तच गरगरतं.)

"आधी माझ्या पायावरचा पाय काढ, वेंडेल. मग बघू."

डोळे उघडले, तर समोर डोनबाई! आपल्याला शाळेत भागाकार शिकवणाऱ्या, आता एक्याऐंशीच्या. त्या नाचात पहिली फिरकी समोरून आलेल्या जोडीतल्या बाईशी होती, आपल्या जोडीदारणीशी नंतर. मी क्रम विसरलो.

ताई, बातमी पसरवायला या नाचासारखं साधन नाही. दर फेरीला नवी जोडी भेटते. बाई वर निघाल्या, आम्ही खाली. खालच्या टोकाला वळून परत निघालो तर समोर येणारा प्रत्येक जण चेष्टेला तयार. लाकूडवाला ग्रॅनविल म्हणतो, "लेका, वही तपासल्याशिवाय बाई हो म्हणायच्या नाहीत हं!" त्याची बायको लग्नासाठी रूबार्बचे केक किती करू विचारते. लोइस ओठांत हसू दाबून नाचत होती. वरच्या टोकाला पुन्हा उभे राहिलो, तेव्हा म्हणाली, "मग? बाईंचं उत्तर काय?"

"प्रश्न तुला होता."

"मला होता तर मला विचार की. अर्धं मिनिट आहे."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात फिडलवाला वाजवता वाजवता ऐकायला खुर्ची सरकवून जवळ आला. लोइस म्हणाली, "इथं नको. कुणी ओळखत नाही अशा हॉलमध्ये विचार. आणि डोळे उघडे ठेव."

बाकी सगळं ठीक. भावजींना मध पाठवतो.

तुझा,
वेंडेल

ता. क. तुमच्या गावचा नाच कितव्या शनिवारी असतो, हॉल कुठे, आणि आमच्याकडचं कुणी तिथे फिरकत नाही ना, एवढं लगोलग कळव. पत्र खरं त्यासाठीच.

आणखी एक. झोपायची सोय तिघांची कर. डोनबाईंना कुणकुण लागली आहे आणि गाडीतली पुढची सीट त्यांनी आत्तापासूनच धरली आहे. म्हणतात, "मी अजून नाही म्हटलेलं नाही."