त्यांच्या फळीला शेवटचा हात

६ जानेवारी
फोन न्हाई.
दसरा झाला अन् हे गोव्याला गेले. तिथं मोठ्या लोकांच्या बोटी असतात, त्यांचं वरचं सागवान घासायचं, चकचकीत ठेवायचं, असलं काम. सुतार माणूस, हात चांगला, म्हणून बोलावून नेलं. जाताना मला म्हणाले, "संक्रांतीला येतो अन् आपल्या होडीला व्हार्निश मारतो. तवर तू हात लावू नको."
होडी अंगणात दोन दगडांवर बसलीय. बूड पत्र्याचं, पण काठाची पट्टी, बसायच्या दोन फळ्या, सगळं सागवान. आमच्याच बांधावरचं झाड. ते पाडलं तेव्हा आत्याबाई लेकाशी दोन दिवस बोलल्या न्हाईत. एवढं चांगलं लाकूड उघडं पडलंय. आज बघितलं तर वरून राखाडी व्हायलंय, माझ्या भांगासारखं.

९ जानेवारी
नदीपल्याडच्या वावरात जायला परत शेजारच्या किसनच्या डोंग्यात बसले. त्याचं तोंड सैल. "वैनी, घरची होडी काय पूजेला ठेवलीय का?" मी म्हणलं, गुमान वल्हं हाण. पण मनाला लागलं. पुलावरून जावं तर अर्धा दिवस जातो.

संक्रांत
आले न्हाईत.
सुगडं पुजली, वाण दिलं, बायकांत हसले-बोलले. संध्याकाळी फोन. "सुट्टी न्हाई भेटली गं. पाडव्याला नक्की." मागं समुद्र वाजत होता का पंखा, कळलं न्हाई. मी म्हणलं, लाकूड राखाडी पडलंय. तर म्हणतात, "पडू दे. इथं काही मालक मुद्दाम तसंच ठेवतात. चांदीसारखं दिसतंय म्हणे."
चांदीसारखं! ज्याच्या घरी चांदी हाय त्यानं म्हणावं. मला तर ते बिनधन्याचं दिसतंय.
आठवण येती म्हणणार होते मी. "ज्वारी हुरड्यात आली" म्हणलं अन् ठेवला.

१९ जानेवारी
ठरवलं. लावते हात. काय करतात बघू.
ताडकळसच्या बाजारातून घाण्याचं करडईचं तेल आणलं होतं, खायचं. केसाला चालतं, कढईला चालतं, मग लाकडाला का न्हाई? फडक्यानं चोळ चोळ चोळलं. काय रंग चढला! डोळ्यात पाणी आलं. गेल्या वर्षी रंध्यातून ताजी फळी निघाली होती, तीच ही.
फोटो पाठवला. बघितल्याची निळी खूण आली. उत्तर न्हाई.

२४ जानेवारी
वाटोळं झालं.
तेल वाळायचं नावच घेईना. बोट लावलं की चिकटतंय. त्यात काल शेजारी तुरीचं मळणीयंत्र चाललं, सगळं भूस येऊन बसलं. वर मुंग्यांची रांग. किसन म्हणतो, "वैनी, होडीला लव फुटली की!"
आत्याबाई काठी टेकत आल्या. वास घेतला. "कच्चंच ओतलंस व्हय गं? आमी मोटंला लावायचो ते कढवून कढवून घट्ट केल्यालं."
मी म्हणलं, मग आधी सांगायला काय झालं होतं?
"तू इचारलंस का?"
शेवटी ह्यांना फोन केला. हसायला लागले ते थांबेचनात. "वंदा, होडीला फोडणी दिलीस का काय?" राग आला. रडूबी आलं. दसऱ्यापासून हसलेलं ऐकलं नव्हतं. ठेवूच नये वाटलं फोन.

२७ जानेवारी
आज व्हिडिओवर बघत बघत काम. बादली पालथी घातली, तिला फोन टेकवला. तिकडं हे, इकडं मी अन् होडी. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, नारळाचा काथ्या.
"आडवं घासू नको. लाकडाची रेघ जिकडं जाती तिकडंच जा."
"जायले की."
"हळू. भांडं हाय का ते?"
उद्या परत म्हणाले. स्वतःहून.

३० जानेवारी
रोज बोलायलेत. काम सुटलं की फोन. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, एवढं बोलणं कधी झालं न्हाई. घरी असले की वाढ, आण, पटाशी कुठं ठेवलीस, बस्स. आता सांगतात, तिथं भाकर मिळत न्हाई, भातानं पोट भरल्यासारखं वाटत न्हाई. मालकलोक बोटीला बायकोचं नाव घालतात म्हणे.
"मग बायकोला नेतात का फिरायला?"
"बोटच कोण नेतंय? बांधलेली असती. आमी घासायचं फकस्त."
कीव आली त्या बोटींची.

५ फेब्रुवारी
पूर्ण्याहून व्हार्निशचा डबा आणला. सागवान आतून तेलकट असतंय, आधी थिनरनं पुसून घे, न्हाईतर व्हार्निश धरणार न्हाई. पुसलं. पहिला हात पातळ. वाळला की बारीक पॉलिश पेपर, मग दुसरा हात. असे सहा-सात. घाई न्हाई करायची म्हणतात.
कोणाला हाय घाई?

७ फेब्रु.
दुसरा हात उशिरा मारला, ऊन कलल्यावर. सकाळी बघते तर दव पडून दुधासारखं पांढुरकं. ह्यांनी सांगितलं होतं, चारनंतर ब्रश उचलू नको. सगळा हात घासून काढला.
खरं लिहिते, वाईट वाटलं न्हाई. काम लांबलं.

१६ फेब्रु.
आज ह्यांना खोटं सांगितलं. "कितवा हात?" म्हणाले. तिसरा म्हणलं. पाचवा झालाय. काम संपलं की फोनला काय निमित्त उरणार? "तुमची आठवण येती, म्हणून फोन करा" असं आमच्यात कोण म्हणतंय.

२२ फेब्रु.
पकडलं. मी चौथा हात सांगितला होता.
"वंदा, फोन जरा पट्टीजवळ ने." नेला. "हे चार हात न्हाईत. सहा झालेत. मला चमक कळती."
मी फोन पट्टीपासून लांब धरला.
"मला परवाच कळलं होतं."
"मग बोलला का न्हाई?"
म्हणाले, मालक इथंच कायमचं काम कर म्हणतोय. खोली देतो. "तू पण ये. आईलाबी आणू."
मागून आत्याबाई ओरडल्या, "मला समुद्रात ढकलायचंय का रे?"
हसले मी. पण म्हणजे ह्यांचं तिकडं ठरत चाललंय.

१ मार्च
फो. न्हाई. ज्वारी काढायला झाली. किसनचाच डोंगा.

६ मार्च
फो. न्हाई. मी बी केला न्हाई. परत चुलीपाशी फोन ठेवून बसले. कशाला लिहायलेय हे.

९ मार्च
आला. बोटी लय आल्यात म्हणे, श्वास घ्यायला वेळ न्हाई. पाडव्याचं बघतो म्हणाले. "नक्की"चं "बघतो" झालं.
पट्टीला शेवटचा हात मारला. मधल्या फळीला मारला. मागच्या फळीपाशी ब्रश उचलला अन् थांबले. ठेवून दिला.

पाडवा
गुढी उभारली. स्टेशनकडून येणाऱ्या प्रत्येक ऑटोकडं बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, "मान मोडंल."
दुपारी फोन. जमलं न्हाई. मी बरं म्हणलं. ओरडायचं ठरवलं होतं.
हळद काढायला आलीय, होडी पाण्यात गेलीच पाहिजे. किसन अन् अजून दोघांनी उचलली. काठाला कुंकू लावलं, नारळ फोडला. किसननं पट्टीवरून हात फिरवला अन् पहिल्यांदाच चेष्टा केली न्हाई. "वैनी, तोंड दिसतंय की ह्यात."
मी वल्हं धरलं. वल्हवणारा मधल्या फळीवर बसतो, तोंड मागच्या फळीकडं. मागची रिकामी. पल्याड जाईस्तोवर नजरेसमोर तेवढीच. तिथं ह्यांनी बसावं, मी वल्हवावं, एवढंच पाहिजे मला. गोव्याची खोली नको, चांदी नको.

पाडव्यानंतर, तारीख बघितली न्हाई
संध्याकाळी फोन.
"पोहती का चांगली?"
"लय चांगली."
"सगळं झालं ना मग?"
"तुमच्या फळीचा शेवटचा हात राहिलाय."
"मग मार की. डबा संपला का?"
"हाय डबा. मी मारणार न्हाई."
"अगं, ऊन लागलं की तीच पहिली राखाडी पडंल."
"पडू दे. येऊन मारा."
मला वाटलं कट झाला. कानाला लावून तशीच बसले. मग आवाज आला, हळू.
"डब्याचं झाकण घट्ट लावलंस का? न्हाईतर वर साय धरती. मग उपयोग न्हाई."
उठले, बत्त्यानं ठोकून ठोकून झाकण बसवलं. त्यांना ऐकू जावं म्हणून फोन जवळ धरला.
वर पाटा ठेवलाय.