जीन्सचा दुसरा पाय

कस्तू,

टोरांटोला जाताना तू बजावलं होतंस, "बाबा, माझ्या जुन्या जीन्सला हात लावू नकोस हां!" तीन वर्षं नाही लावला. परवा मात्र मशीन काढलं, जीन्सचा एक पाय कापला आणि कांद्यांसाठी झकास पिशवी शिवली.

काल व्हिडिओ कॉलवर तुला ती दारामागे टांगलेली दिसली. "भारीये रे! मलापण एक पाठव ना!" म्हणालीस. ती तुझ्याच जीन्सची आहे, हे तुझ्या लक्षातच आलं नाही.

आता दुसऱ्या पायाचीही शिवलीय. तुझ्या शाईचा डाग पडलेला मागचा खिसा मुद्दाम बाहेरून लावलाय. उद्या पिशवी कुरियरने निघेल, हे कबुलीचं पत्र मात्र इथेच माझ्याकडे राहील. डाग ओळखलास तर फोनवर भांडू नकोस. लालबागला येऊन भांड.

तुझा,
कात्रीवाला बाबा