खालचा आवाज

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नकार लिहून दिला. सुटलो!

वाहतूक नियंत्रकाची परीक्षा दिली मीच, पास झालो मीच, आणि बढतीचं पत्र आल्यावर लिहिलंही मीच — 'कौटुंबिक अडचणीमुळे सदर पद स्वीकारण्यास असमर्थ आहे.' कसली कौटुंबिक अडचण! अडचण माझ्या गळ्यात आहे. नियंत्रकाला स्टँडवर माईकवरून गाड्या पुकाराव्या लागतात. आणि मी — वय एकतीस, उंची पावणेसहा फूट, झुपकेदार मिशी, आवाज सातवीतल्या मुलीचा.

आजचीच गोष्ट. श्रीरामपूर–राहाता गाडी. श्रीरामपूरजवळच्याच खंडाळा गावापाशी एक बाई खिडकीला डोकं टेकून पेंगत होत्या. मी म्हणालो, "तिकीट?" डोळे न उघडताच म्हणाल्या, "एक राहाता द्या ओ ताई." मग डोळे उघडले, मिशी दिसली. अख्खी गाडी हसली. बाई बिचाऱ्या माझ्यापेक्षा जास्त ओशाळल्या.

कंडक्टर होऊन सात वर्षं झाली, पण थांबे मी कधी पुकारत नाही. ड्रायव्हर गहिनीनाथ काका पुकारतात. गाडीही चालवतात आणि मान बाहेर काढून "बाभळेश्वर, राहाता, शिर्डीऽऽ" हेही त्यांचंच. मी फक्त बेल मारतो. त्या माणसाचे उपकार कसे फेडू?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्या थोरल्या भावासाठी, शाहबाजभाईसाठी, आज पुन्हा एक स्थळ आलं. तो पस्तीस वर्षांचा, स्वतःचा टेम्पो, बोलायला एकदम खणखणीत. त्याने नेहमीचंच उत्तर दिलं — "आधी परवेझचं होऊ दे." परवेझ म्हणजे मी. बँकेत, दवाखान्यात, मला मुलगी दाखवायला नेतात तिथे, सगळीकडे माझ्या वतीने तोच बोलतो. गल्लीतल्या बायका म्हणतात, धाकट्यापायी थोरल्याचं आयुष्य चाललं.

खरंच आहे ते. रोज उठतो तेव्हा पहिल्यांदा हेच आठवतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

कान ठणकत होता म्हणून नगरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. कानात मळ निघाला. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "हा आवाज कधीपासून?"

उठून जाणार होतो. त्यांनी हात धरून बसवलं. घशात दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, "काहीही दोष नाही. स्वरयंत्र मोठ्या माणसाचं आहे, तुम्ही ते लहानपणीच्या सवयीने वापरताय. सुटते ही सवय."

दोष नाही? सवय?

मग अठरा वर्षं मी कशाची लाज बाळगत होतो?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

डॉक्टरांनी सुचवलेल्या, वाचा-उपचार करणाऱ्या संस्कृती मॅडम माझ्याहून लहान असतील. म्हणाल्या, "खोका." खोकलो. "आता खोकल्याच्याच मागे आऽ लावा." लावला. मग त्यांनी माझ्या कंठमण्यावर बोट ठेवून हलकेच दाबलं. "पुन्हा."

आणि खोलीत कुणीतरी दुसराच बोलला! मी चक्क मागे वळून पाहिलं. मॅडम हसल्या. "तुम्हीच. हा तुमचा खालचा आवाज. नाव सांगा."

"परवेझ."

ढसाढसा रडलो. वीस मिनिटं लागली फक्त. वीस! अठरा वर्षांत कुणी एवढंही सांगू नये?

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर कुणाशी बोललो नाही. न्हाणीघरात नळ सोडून स्वतःशीच बोललो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गंमत बघा. खालचा आवाज आता मागितला की येतो. पण गाडीत पाय ठेवला की जुनाच बाहेर पडतो. लोक काय म्हणतील — कंडक्टरने सोंग काढलंय! बारीक आवाजाची लाज होती, आता जाड आवाजाची वाटते!

२२ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमना हे सांगितलं. म्हणाल्या, "आवाज काढून देणं माझं काम होतं, झालं. लाज घालवायचं काम तुमचं." आणि अभ्यास दिला — अनोळखी दहा ठिकाणी फोन करायचे.

बसस्टँडच्या मागे उभं राहून पहिला फोन टायरच्या दुकानाला लावला. भाव विचारला. पलीकडचा म्हणाला, "कोणत्या गाडीसाठी, साहेब?"

साहेब! मला फोनवर आजपर्यंत प्रत्येकाने 'मॅडम'च म्हटलंय. मी उगाच आणखी तीन टायरांचे भाव विचारले.

२३ नोव्हेंबर, रविवार

घरी बोललो. जेवताना. "अम्मी, पाणी दे."

अम्मीचा हात तांब्यावरच थांबला. मी सगळं सांगितलं — डॉक्टर, मॅडम, खोकला. सगळं खालच्या आवाजात. तिने पदराने डोळे पुसले. म्हणाली, "चांगला आहे. पण तोही काही वाईट नव्हता. त्याच आवाजात तू मला पहिल्यांदा हाक मारलीस."

हसावं की रडावं!

शाहबाजभाई मात्र अर्धी भाकरी ताटात टाकून, टेम्पोची किल्ली घेऊन निघून गेला. काय लागलं असेल त्याला?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुकारलं!

श्रीरामपूर स्टँडवर काकांनी मान बाहेर काढली तेवढ्यात म्हणालो, "काका, आज मी पुकारतो."

"पुकार की मग! कोन आडवतंय?"

दारात उभा राहिलो. "बाभळे—" एवढं छान जाड आलं आणि "श्वर" एकदम किंचाळल्यासारखं! गाडी हसली. कानशिलं तापली... आणि मलाही हसू आलं. खरंच विनोदी होतं ते. पुन्हा पुकारलं. नीट आलं. पुन्हा पुकारलं. लोक आपले पिशव्या वर ठेवत होते, खिडक्या सरकवत होते. एवढंच. बस्स!

दर मंगळवारी राहात्याला लेकीकडे जाणाऱ्या रंगुबाई आजी म्हणाल्या, "आवाज बसलाय का रं तुजा?"

"न्हाई आजी, सुटलाय!"

परतीच्या फेरीत काकांचे आभार मानायला गेलो. सात वर्षं माझी लाज झाकलीत म्हणालो. काका माझ्याकडे बघतच राहिले.

"तुजी लाज? आरं, मला वरडायची लई हौस हाय! तरुनपनी तमाशात जानार हुतो, बापानं हानलं. आता तू पुकारनार म्हंजे माझं काय ऱ्हायलं?"

ठरलं. जाताना मी, येताना ते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नकार मागे घेतला. मुदत तीस तारखेपर्यंत होती. ऑफिसातल्या सविता मॅडमनी अर्ज वाचला. "कौटुंबिक अडचण मिटली?"

"मिटली, मॅडम."

बाहेर आलो आणि स्टँडवर दोन भजीपाव खाल्ले.

१ डिसेंबर, सोमवार

राहात्याला रुजू झालो. केबिन एवढीशी. खुर्ची, रजिस्टर, खिडकी आणि माईक. पहिली पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग गाडी लागली. बटण दाबलं. "राहात्याहून श्रीरामपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." माझे शब्द कर्ण्यातून साऱ्या स्टँडवर घुमले आणि मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा लोक उठून दोन नंबरकडे चालले होते. कुणी मूल कडेवर घेतलं, कुणी चहाचा शेवटचा घोट मारला. केबिनकडे एकानेही मान वळवली नाही. त्यांना गाडी हवी होती. माझा आवाज कसा आहे याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं — आणि कधी नव्हतंच बहुतेक. अठरा वर्षं जो एक माणूस कान देऊन माझा आवाज ऐकत होता, तो मीच.

इतकं हलकं वाटलं की पुढची गाडी पाच मिनिटं आधीच पुकारली. तिच्या ड्रायव्हरने येऊन झापलं. झापू दे!

५ डिसेंबर, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजनंतर शाहबाजभाई माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"परवेझ, लोकांना सांगायचो ना, तुझ्यासाठी थांबलोय — खोटं होतं ते. तू एक निमित्त होतास. मोहियोद्दीन चाचांची रुमाना... सहा वर्षं झाली. तिचा होकार आहे. तिच्या अब्बांसमोर तीनदा जाऊन बसलो, चहा पिऊन परत आलो. तुझ्यासाठी कुठेही बोलतो रे. स्वतःसाठी तोंडच उघडत नाही. तुझा तो आवाज ऐकला आणि वाटलं, आता माझं निमित्तही गेलं. तू बोलशील माझ्या वतीने?"

माझा भाई! हा?

म्हणालो, "रविवारी जाऊ. पुढचं सगळं मी बोलतो. पण पहिलं वाक्य तुझं."