दाजींच्या बरसीचं काम

कासारवाडी,
ता. ५ ऑगस्ट १९५३

लाडका भाऊ रहिमान यास आपाचा सलाम आणि दुआ.

इकडं सगळं ठीक. तुझी मंडळी, तुझं पोट, कराचीची हवा, सगळं खुशाल असो. झुलेखा सहावीत गेली. उंचीत मला मागं टाकलं, कामात मात्र अजून पुढं येईना. शेळीला दोन पिल्लं झाली.

तुझं पत्र पोचलं. पोचून बरेच दिवस झाले, उगाच टपालाला दोष नको. तू लिहितोस, "ज्यांनी दाजींना मारलं, त्यांच्याच बायकांची बाळंतपणं करतेस? लाज नाही वाटत? पावसाळा संपला की लेकीला घेऊन इकडं निघून ये." मोठ्या बहिणीला असं लिहितात होय रे? अम्मा असती तर उलथनं घेऊन धावली असती.

आता ऐक. पिंपरीच्या कॅम्पात सिंधी निर्वासित आहेत. दुर्गाबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांचं सेवापथक तिथं फुकट राबतं. त्या सुईण शोधत माझ्या दारी आल्या. मी म्हटलं, "बाई, मी मुसलमान. चालेल का?" त्या म्हणाल्या, "बाळंतिणीचं मी बघते. तुम्हाला चालेल का, तेवढं सांगा."

तो नेमका तुझ्या दाजींच्या बरसीचा दिवस. दिल्लीच्या दंग्यात गेलेल्या माझ्या माणसाची कबर कुठं, ते तुला माहीत नाही, मलाही नाही. त्यांच्यासाठी फातिहाची दुआ म्हटली, पण फुलं कुठं ठेवायची? हातांना काही सुचेना. गेले दुर्गाबाईंबरोबर. तेव्हापासून जातेच आहे.

बाळाचं डोकं हाताला लागलं की अम्मा मोठ्यानं बिस्मिल्ला म्हणायची. मीही म्हणते, पण कॅम्पात ओठांतल्या ओठांत. कशाला कुणाची जखम उकरा? परवा जेठीबाईची सून अडली. मूल पायाळू. मी घामाघूम, आणि तोंडून निघालंच, चांगलं खणखणीत! बराकीतल्या बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. या जेठीबाईचा थोरला मुलगा तिकडच्या कापाकापीत गेलेला. म्हटलं, आता ही मला दंडाला धरून बाहेर काढणार. माझे हातच थांबले.

म्हातारी ओरडली, "रुकी क्यूं? बोल! मेरे बड़े के वक्त हमारी दाई भी यही बोली थी."

मी पुन्हा म्हटलं. मुलगी झाली, रंगानं गोरी, आवाजानं फौजदार. मग आम्ही दोघी पायरीवर बसून रडलो रे. तिच्या थोरल्यासाठी आणि माझ्या माणसासाठी. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासाठी अशी मोकळी रडलेच नव्हते.

तर रहिमान, मी येत नाही. तिकिटाची खटपट करू नकोस. तुझी आठवण आली की घास उतरत नाही, हे खरं. पण तुझे दाजी मला इथंच, या कॅम्पात भेटतात.

आणखी एक. तू कधी लिहिलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. पण दिल्लीत त्या दिवशी तू त्यांच्याबरोबर होतास आणि तुला वाचवायला ते पुढं झाले, हे मला ठाऊक आहे. त्याचा माझ्या मनात राग नाही. ते तसेच होते. तू मात्र अजून जळतोस.

कराचीत मागं राहिलेलं एखादं हिंदू घर असेलच. येत्या बरसीला त्या दारात जा. पाणी भर, दुखणाइताला दवाखान्यात ने, काहीही कर. आणि मग मला लिही. त्यांनी दारातून हाकललं तरी लिही.

तू जिवंत राहिलास याचा आनंद मानणारी,
तुझी आपा
खातून